थांबल्यावर तापणारा बैल

अजिंठ्याचा घाट दक्षिणेकडून उतरून आलेला आणि तोच घाट उत्तरेकडून चढू पाहणारा, असा दोन्ही दिशांचा वाटसरू जेथे घटकाभर टेकल्यावाचून पुढे जात नाही, ते फर्दापूर आज सोयगाव तालुक्यातील एक साधे गाव म्हणून दिसत असले, तरी मुक्काम हाच त्याचा पिढीजात व्यवसाय होय. औरंगजेबाच्या अमदानीतली विस्तीर्ण सराई येथे आहे. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या आणि नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण चित्रकार त्यांच्या साहाय्यास आले, तेव्हा त्यांचाही तळ याच गावाच्या आसमंतात पडला होता. आणि खाजगी वाहनांस लेण्यांपर्यंत मज्जाव झाल्यापासून तर, ज्या तिठ्याला सारा मुलूख ‘टी पॉइंट’ म्हणतो, तेथे आपली गाडी ठेवून पुढले चार किलोमीटर एसटीच्या बसने जाणाऱ्या प्रवाशांची वर्दळ या परिसरात बारमाही असते.

सराई नावाची संस्था ज्या गृहीतकावर उभी होती, ते इतके उघड होते की ते कोणी बोलूनही दाखवले नसेल: थकलेला जीव थांबला की निवतो. बैलाच्या मानेवरचे जू उतरवून त्याला सावलीत बांधले, पुढ्यात चारा-पाणी ठेवले, की घटकाभरात त्याचा श्वास मंदावतो, आणि निघण्याच्या वेळी तो आला होता त्यापेक्षा ताजातवाना असतो. मोटारीच्या बाबतीत हे गृहीतक साफ खोटे आहे. तिला थांबवले की ती आधी निवत नाही, आणखी तापते. आणि म्हणूनच जळगावापासून साठ किलोमीटर उन्हात विनातक्रार धावलेली गाडी चहापुरती वीस मिनिटे उभी राहिली की पुन्हा सुरू होण्याचे नाकारते, हा दरसाल उन्हाळ्यात घाटापायथ्याशी दिसणारा देखावा होय.

तो देखावा आमच्या वाट्यास काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात आला. जळगावचे लग्न आटोपून परतताना फर्दापूरला एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. गाडी तेरा-चौदा वर्षांची, पेट्रोलची, तोवर निमूटपणे चाकरी बजावलेली. चहा संपवून चावी फिरवली, तेव्हा सेल्फ नेहमीच्याच जोमाने फिरला, इंजिन गरगरले, परंतु पकडेना. आपल्याकडे बोनेट उघडण्याचाच काय तो अवकाश असतो. पाहता पाहता सहा-सात जाणकार भोवती जमले. एकाने पेट्रोलात कचरा असल्याचे निदान केले, दुसऱ्याने बॅटरीवर संशय घेतला. आमच्या काकांनी, ज्यांनी हयातीतली पंचवीस वर्षे पद्मिनी हाकली होती, या सर्व मतांचा क्षणात निकाल लावला. “पंप तापलाय. ओलं फडकं आणा.” खांद्यावरचा पंचा भिजवून त्यांनी तो इंजिनावरल्या एका काळ्या डब्यावर मोठ्या ममतेने पांघरला.

एवढ्यात शेजारच्या दुकानातला पंक्चर काढणारा मध्यमवयीन मिस्त्री हात पुशीत आला, आणि काहीही न बोलता बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग मला म्हणाला, “साहेब, एकदा सेल्फ मारा.” मी मारला. तो इंजिनाकडे पाहत नव्हता. खिडकीतून वाकून माझ्यासमोरच्या काट्यांकडे पाहत होता. “पंचा काढून घ्या काका. ह्या गाडीचा पंप तिथं नाहीच, मागं टाकीत आहे. अन् तुम्ही झाकला तो एअर फिल्टर हाय.” काकांना हे अर्थातच रुचले नाही. पाऊण तासाने गाडी आपणहून सुरू झाली, आणि पंचाने काम केले हा काकांचा दावा खोडून काढण्याचे धैर्य कुटुंबात कोणालाही झाले नाही.

काकांच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे की, त्यांचे ज्ञान खोटे नव्हते, कालबाह्य होते. ते समजण्यासाठी थांबलेल्या इंजिनात काय घडते ते पाहावे लागेल. जळणाऱ्या पेट्रोलपासून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यातला ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली बहुतेक सारी धुरावाटे आणि रेडिएटरच्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. गाडी धावत असते तोवर पाण्याचा पंप पाणी खेळवीत असतो, पंखा फिरत असतो, समोरून वारा येत असतो, आणि या तिघांच्या जिवावर इंजिनाचे पाणी सुमारे ९० अंशांवर राखले जाते. चावी बंद केली की हे तिन्ही सेवक बहुधा एकाच क्षणी रजेवर जातात, पण लोखंडात आणि एक्झॉस्टच्या नळ्यांत साठलेली उष्णता जागेवरच असते. बंद बोनेटखाली ती आता वाट फुटेल तिकडे पसरते आणि धावताना जे भाग तुलनेने थंड होते तेही भाजून निघतात. हा ताप साधारणपणे दहा ते वीस मिनिटांत शिगेला पोहोचतो. म्हणजे गाडी बंद करून लगेच सुरू केली तर ती सुरू होते, दोन तासांनी केली तरी होते, आणि मधल्या नेमक्या चहाच्या वेळेत होत नाही.

आता काकांचा पंप. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून घरोघर ओळखली गेली, तिच्यात काय आणि उत्तरपाड्याच्या अँबॅसडरमध्ये काय, पेट्रोलचा पंप यांत्रिक असे आणि तो इंजिनाच्याच अंगाला बसवलेला असे. मागच्या टाकीतले पेट्रोल रबरी पडद्याच्या हालचालीने ओढून घेऊन कार्ब्युरेटरला पोचवणे हे त्याचे काम. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, अनेक द्रवांची मिसळ आहे. त्यातले हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उडू लागतात, जड अंश दोनशेच्या आसपास. त्यातून पंप जेव्हा पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की उकळणे अधिकच सोपे होते. तापलेल्या नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरली, की पंपाचा पडदा ती वाफच दाबत आणि सोडत बसतो. द्रव पुढे सरकत नाही. पिचकारीत पाण्याऐवजी हवा भरली तर जी गत होते तीच ही. फडके ओले करून पंपावर टाकले की बाष्पीभवनाने पंप निवतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते, आणि गाडी चालू होते. हा उपाय शास्त्रशुद्ध होता, फक्त तो पंप आता त्या जागी उरलेला नाही. २००० सालच्या आगेमागे धुराचे नियम कडक होत गेले, पेट्रोलच्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला, आणि पंप टाकीच्या पोटात जाऊन विजेवर चालू लागला. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, तेही वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाबाने. आणि दाबाखालचे पेट्रोल सहसा उकळत नाही.

कार्ब्युरेटरच्या ज्या गाड्या अजून जिव्हाळ्याने राखल्या जातात, त्यांच्या मालकांना मात्र एक गोष्ट बजावली पाहिजे. उष्णतेने पेट्रोल कमी पडते, तसेच ते उष्णतेनेच जास्तही होते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून उतू गेले की ते थेट इंजिनात ठिबकते, प्लग भिजतात, आणि गाडी ‘ओव्हर’ होते. दोन्ही प्रकारांत इंजिन फिरते पण पकडत नाही, आणि दोहोंवरचे उपाय मात्र परस्परविरुद्ध. फरक नाकाने ओळखावा: पेट्रोलचा दर्प येत असेल तर ते जास्त झाले आहे, अशा वेळी ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे हवेचा लोट आत जाऊन ओल उडते. अधीर माणूस नेमके उलटे करतो. तो पायाने ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा हापसतो, आणि दर खेपेस पेट्रोलची आणखी एक चूळ आत सोडतो. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात मिळू लागले आहे. उसाच्या मुलखातल्या माणसाने त्याबद्दल वाईट बोलू नये, पण थोड्या प्रमाणात मिसळलेले इथेनॉल पेट्रोलची उडण्याची प्रवृत्ती वाढवते, हे जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवलेले बरे.

इंधनाइतकाच विजेचा संशय घ्यावा लागतो. बॅटरीच्या बारा व्होल्टांपासून प्लगवर ठिणगी पाडण्याइतके, म्हणजे कित्येक हजार व्होल्ट, तयार करणाऱ्या कॉइलमध्ये केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यांच्यात रोगणाचा पातळ पापुद्रा असतो. म्हाताऱ्या कॉइलचा हा पापुद्रा थंडपणी टिकतो, तापला की जागोजागी फुटतो, आणि जी वीज प्लगपर्यंत जायची ती आतल्या आतच वाट काढते. ठिणगी निळसर आणि खणखणीत पडण्याऐवजी पिवळट, मरतुकडी पडते, किंवा पडतच नाही. जुने फिटर अशा वेळी कॉइलवर पाणी शिंपडत आणि गाडी सुरू झाली की गुन्हेगार सापडला असे समजत. परीक्षा म्हणून ती उत्तम होती, फक्त तिच्यावर समाधान मानून पुढे दोनशे किलोमीटर जाणाऱ्यांची फजिती होई. इंजेक्शनच्या गाडीत याच घराण्यातला आणखी एक नाजूक सभासद असतो: क्रँकशाफ्टचा सेन्सर. इंजिन फिरते आहे की नाही, आणि कोणत्या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, याची वर्दी गाडीतल्या संगणकाला देणारा हा अंगठ्याएवढा चुंबकी कारकून जर तापून मुका झाला, तर संगणकाच्या दप्तरी इंजिन स्थिर असल्याची नोंद होते, आणि स्थिर इंजिनाला तो पेट्रोलही मंजूर करीत नाही आणि ठिणगीही. सेल्फ फिरत असताना इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा एरवी थोडा तरी उचलतो; तो जर शून्यावर निपचित पडून असेल, तर संशय या कारकुनावर घ्यावा. फर्दापूरचा मिस्त्री खिडकीतून वाकून पाहत होता तो हाच काटा.

परंतु या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो न विचारताच माणसे बोनेटवर तुटून पडतात: सेल्फ फिरतो की नाही? फिरत असेल तर वर सांगितलेला सारा तपास लागू. फिरतच नसेल, किंवा मरगळून फिरत असेल, तर पेट्रोल, प्लग आणि कॉइल या सर्वांना तूर्त निर्दोष सोडावे, कारण खटला बॅटरी, तिच्या तारा आणि खुद्द सेल्फ यांच्यावर आहे. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. एक्झॉस्टच्या शेजारी बसलेला सेल्फ साठ अंशांनी अधिक तापला तर त्याच्या वेढ्यांचा विरोध जवळपास चौथ्या हिश्श्याने वाढला, आणि सकाळी जी बॅटरी त्याला कशीबशी पुरली ती दुपारी पुरत नाही. हेडलाइट लावून ठेवावा आणि चावी फिरवावी. दिवा एकदम मंदावला, तर बॅटरीत दम नाही किंवा तिच्या टोकांवर पांढरे-हिरवे पीठ साचले आहे, अथवा अर्थिंगची पट्टी सैल आहे. दिवा तसाच लख्ख राहिला आणि आतून नुसता एकच ‘टक्’ असा आवाज आला, तर सेल्फ किंवा त्याचा सॉलेनॉइड अडला आहे. पान्याच्या मुठीने सेल्फला हलकी टपली देण्याची विद्या सर्वश्रुत आहे आणि ती पुष्कळदा फळतेही, कारण झिजलेले कार्बन त्या धक्क्याने जागेवर येतात. पण टपलीने सुरू झालेली गाडी घरी नेऊन सेल्फ उघडावा, घाटातल्या देवदर्शनाला नेऊ नये. धक्का मारून सुरू करण्याबाबत तर घाटाच्या गावी विशेष जपले पाहिजे. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे उतारावर लोटलेल्या गाडीत बसल्यावर कळणे इष्ट नव्हे. गिअर आपणहून बदलणाऱ्या गाडीला तर हा उपाय नाहीच.

डिझेलच्या गाडीला ठिणगी लागत नाही, म्हणून तिला हा विकार नसतो असे कोणी समजू नये. या मार्गावर ज्या काळ्या-पिवळ्या जिपांनी पिढ्यानपिढ्या माणसे, बोचकी आणि कोंबड्या वाहिल्या, त्यांच्या चालकांना विचारावे. डिझेल तापले की पातळ होते, आणि झिजलेल्या पंपाच्या फटींतून ते आतल्या आत निसटते, त्यामुळे थंडपणी जो दाब उभा राहतो तो गरमपणी राहत नाही. हे चालक पंपावर ओले पोते टाकतात, आणि त्यांचा पंप खरोखरच तेथे असतो.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे इतक्यांदा सांगितले गेले आहे की ते लिहिताना संकोच वाटतो; तरीही दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हात भाजून घेतोच. झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभर अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकण सैल झाले की ते सारे एका क्षणात उकळते आणि उसळते. तापलेल्या इंजिनावर घागरभर गार पाणी ओतणेही तितकेच वाईट, कारण त्याने हेडला तडा जाऊ शकतो. आणि गाडीचे पाणी वारंवार उकळत असेल, तर सुरू न होणे हे लक्षण असून रोग वेगळा आहे: विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे भरून रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले असतील, किंवा पंखा वेळेवर लागत नसेल.

या विकाराची खरी अडचण यंत्रशास्त्राची नाही, पुराव्याची आहे. गाडी नादुरुस्त असते तेव्हा कारागीर जवळ नसतो, आणि कारागिराकडे पोचते तेव्हा ती थंड, म्हणजे धडधाकट असते. गुन्ह्याच्या जागी पंचनामा न करता मुद्देमाल धुऊन-पुसून कचेरीत हजर करावा, तसा हा प्रकार. म्हणून पंचनामा मालकानेच, गाडी अडली त्या ठिकाणी, ती अडलेली असताना केला पाहिजे: सेल्फ कसा फिरला, दिवा मंदावला का, पेट्रोलचा वास होता का, काटा हलला का, चावी नुसती ‘ऑन’ केल्यावर मागच्या टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली का, आणि तशी ती दोन-तीनदा ऐकवून मग सेल्फ मारला तर गाडी पकडते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर उभ्या गाडीत पेट्रोलचा दाब गळतो आहे, एवढे तरी निश्चित होते. गाडी किती वेळाने आपणहून सुरू झाली, तेही घड्याळ पाहून लिहावे. आणि त्या वेळात कोणीही कशावरही फडके टाकले असल्यास त्याचीही नोंद करावी, म्हणजे श्रेयाचे वाटप पुढे यथान्याय होते.

मिस्त्रीने निघताना पैसे घेतले नाहीत. पंक्चरच्या ट्यूबवर घासायच्या सँडपेपरच्या मागे त्याने बॉलपेनाने दोन ओळी खरडल्या आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. शहरातल्या गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली, कारागिराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले, आणि गाडीत काहीच दोष नसल्याचा दाखला तोंडी देऊन टाकला. मी तो तुकडा पुढे केला. ‘गरम करून बगणे. काटा हालत नाही. शेन्सर.’ कारागिराने तो दोनदा वाचला, गाडी चालू केली, बोनेट बंद करून अर्धा तास तशीच चालू ठेवली, मग चावी काढून घेतली आणि पोराला हाक मारली, “दोन चहा सांग रे.”

चहा पिऊन झाल्यावर त्याने सेल्फ मारला. काटा हलला नाही.